फीडच्या गोणीवर माशाचे नाव छापा

मत्स्यखाद्य बनवणाऱ्या कंपन्यांचे प्रमुख, त्यांच्या प्रयोगशाळांमधले संशोधक आणि शेतीचा मासा घाऊक उचलणारे खरेदीदार यांस,

सप्रेम नमस्कार.

मागणी सुरुवातीलाच मांडते, म्हणजे ती शोधत बसावे लागणार नाही. तुमच्या फीडच्या प्रत्येक गोणीवर चार गोष्टी छापा. आतले फिशमील (म्हणजे मासे शिजवून-वाळवून केलेले पीठ) आणि तेल कोणत्या जातीच्या माशाचे आहे, तो मासा कोणत्या समुद्रात धरला, धरला तेव्हा त्यात पिल्लांचे प्रमाण किती होते, आणि त्यातला किती भाग अख्ख्या माशांचा व किती डोकी, काटे, आतडी अशा उरलेल्या मालाचा आहे. या चारही गोष्टी कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर कोणाला तरी ठाऊक असतात किंवा सहज कळण्यासारख्या असतात. बंदरापासून गोणीपर्यंतच्या वाटेत त्या गळून पडतात, आणि त्या उचलून पुढे नेण्याची जबाबदारी आज कोणीच घेत नाही.

मी मत्स्यपोषण हा विषय शिकवते. माशाला काय लागते, किती लागते आणि ते कुठून आणायचे, हेच माझे रोजचे काम. त्यामुळे तुमच्या चाचण्यांमागचे कष्ट मला माहीत आहेत. गेल्या तीस वर्षांत या विषयाने जे मिळवले ते थोडेथोडके नाही, हे मी वर्गात दरवर्षी सांगते. म्हणूनच इतके सगळे करणारा व्यवसाय एवढी साधी माहिती देत नाही, हे मला सहन होत नाही.

सध्या एका आकड्याचा फार बोलबाला आहे. एफएओ या संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या 2024 च्या अहवालानुसार 2022 मध्ये जगातल्या मत्स्यशेतीने पहिल्यांदाच पकडीच्या मासेमारीला मागे टाकले. मासे, कोळंबी, कालवे असे सगळे जलचर धरले तर शेतीतून 9 कोटी 44 लाख टन आणि पकडीतून 9 कोटी 10 लाख टन. आता समुद्रावरचा भार हलका होणार, असा या आकड्याचा अर्थ लावला जातो. त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे, तो मात्र क्वचितच कोणी वाचून दाखवतो. त्या वर्षीच्या एकूण उत्पादनातला 2 कोटी 8 लाख टन माल माणसाच्या खाण्यात आलाच नाही, आणि त्यातला सुमारे 1 कोटी 70 लाख टन फिशमील व तेलाच्या कारखान्यांत गेला. या कारखान्यांचा बहुतांश माल पुन्हा मत्स्यशेतीतच येतो. कालवे, शिंपले, रुपेरी कार्प यांना कोणी फीड घालत नाही, ते पाण्यातले सूक्ष्म खाद्य गाळून खातात. पण सामन, कोळंबी, सीबास यांना घालावे लागते, आणि आता कार्प-तिलापियाच्या तळ्यांतही तयार फीड वाढत चालले आहे. म्हणजे शेतीच्या रकान्यात जो मासा मोजला जातो, त्याच्या पोटात पकडीच्या रकान्यातला मासा असतो.

आता गोणीच्या लेबलाकडे या. त्यावर काय असते? कच्ची प्रथिने इतके टक्के, मेद इतका, तंतू इतके, राख इतकी, ओलावा इतका. खाली घटकांची यादी: फिशमील, सोयाबीन पेंड, गव्हाचे पीठ, माशाचे तेल, जीवनसत्त्वे, खनिजे. सोयाबीन आणि गहू या विशिष्ट पिकांची नावे आहेत. फिशमील हे कुठल्याच माशाचे नाव नाही. ते अँचोवेटाचे असू शकते, सार्डिनेलाचे असू शकते, ब्लू व्हायटिंगचे असू शकते, नाहीतर तळ खरवडणाऱ्या ट्रॉलच्या जाळ्यात आलेल्या शंभर जातींच्या मिसळीचे. पंचवीस किलोची गोणी फोडणाऱ्या शेतकऱ्याला यातले काहीही कळण्याचा मार्ग नाही.

फिशमील बनते कसे, हे तुम्हाला सांगायला नको. पण हे पत्र खुले आहे, म्हणून इतर वाचकांसाठी लिहिते. कारखान्यात आलेला मासा आधी नव्वद अंशांच्या आसपास शिजवतात. मग स्क्रू-प्रेसमधून दाबून काढतात. एका बाजूला चोथा पडतो, दुसऱ्या बाजूला तेलकट पाणी. पाण्यातून तेल वेगळे होते, उरलेले पाणी आटवून पुन्हा चोथ्यात मिसळले जाते. चोथा वाळतो, दळला जातो, पोत्यांत भरला जातो. चार ते पाच किलो माशांतून एक किलो फिशमील निघते, तेल त्याहून कितीतरी कमी. एकदा दळले की खवले नाहीत, डोळे नाहीत, लांबी नाही. जात ओळखायची तर डीएनए चाचणी करता येते, मात्र शिजण्या-वाळण्यात डीएनएचे बारीक तुकडे झालेले असतात. आणि तो मासा एकदा तरी अंडी घालण्याइतका मोठा झाला होता का, हे कोणतीही प्रयोगशाळा त्या पिठावरून सांगू शकत नाही. ते फक्त बंदरावर, मासा अख्खा असताना, मोजपट्टी लावून कळते. नंतर कितीही पैसा ओतला तरी ती माहिती परत मिळत नाही. माझ्या मागणीचे खरे कारण हे आहे.

बंदरावर मोजणे अशक्य असते तर मी हा विषय काढला नसता. पेरूमध्ये ते वर्षानुवर्षे चालू आहे. एकाच जातीची जगातली सर्वांत मोठी मासेमारी तिथल्या अँचोवेटाची. 12 सेंटीमीटरहून आखूड अँचोवेटा तिथे पिल्लू धरतात आणि पकडीत पिल्लांची मर्यादा दहा टक्के ठेवतात. ही शिस्त सहजासहजी आलेली नाही. 1970 मध्ये तिथली पकड 1 कोटी 20 लाख टनांच्या वर गेली होती आणि 1972-73 च्या एल निनोबरोबर, म्हणजे तिथला समुद्र तापला तेव्हा, ती कोसळली. 2023 मध्ये पुन्हा पाणी तापले, इमारपे या तिथल्या समुद्र संशोधन संस्थेच्या सर्वेक्षणात पिल्लांचे प्रमाण फार आढळले, आणि सरकारने उत्तर-मध्य भागातला वर्षाचा पहिला हंगामच रद्द केला. कारखाने थंड पडले, माशाच्या तेलाचे भाव विक्रमी पातळीला गेले, तरीही. पाहणी नीट झाली, ती ऐकली गेली, आणि धंद्याला थांबावे लागले. मासेमारीच्या इतिहासात हे तिन्ही एकत्र घडल्याची उदाहरणे फार नाहीत, म्हणून मी ते अभिमानाने शिकवते. पण त्याच अँचोवेटाचे पीठ जहाजात चढून तुमच्या गिरणीत आले की दुसऱ्या कुठल्या, कोणीही न मोजलेल्या माशाच्या पिठात मिसळते आणि दोघांचे नाव एकच होते. ज्याने मोजले त्याला बाजारात त्याचे श्रेय मिळत नाही, आणि ज्याने मोजले नाही त्याला काही तोटा होत नाही. मग मोजण्याचा खर्च कोणी का करावा?

तुमचे पहिले उत्तर मला पाठ आहे. एक किलो शेतीच्या माशामागे लागणारा समुद्रातला मासा सतत कमी होतो आहे, असे तुम्ही म्हणता. हे खोटे नाही. नॉर्वेत 1990 मध्ये सामनच्या फीडमध्ये समुद्री घटक जवळजवळ नव्वद टक्के होते, 2016 पर्यंत ते पंचवीस टक्क्यांवर आले. एवढा बदल घडवायला पोषणशास्त्रज्ञांच्या एका पिढीचे आयुष्य खर्ची पडले आहे. सोयाबीन पेंडीने सामनच्या आतड्याला सूज येते, वनस्पतींतल्या फायटेटमुळे फॉस्फरस अंगी लागत नाही, मेथिओनिन आणि टॉरिन ही माशाला लागणारी द्रव्ये कमी पडतात, असे एकेक अडथळे ओळखून दूर करावे लागले. आज जगातले सुमारे एक तृतीयांश फिशमील आणि निम्म्याच्या आसपास तेल अख्ख्या माशांऐवजी मासे कापताना उरलेल्या मालातून येते. तेही चांगलेच आहे.

पण गुणोत्तर उतरले म्हणजे समुद्रातून उचल उतरली असे होत नाही. जगाचे फिशमील उत्पादन बरीच वर्षे पन्नास लाख टनांच्या आसपास घुटमळते आहे. तेवढेच पीठ आता जास्त माशांमध्ये वाटले जाते, म्हणून दर किलोमागचा आकडा सुंदर दिसतो. आणि तो आकडा नेमका किती, यावरही एकमत नाही. रोझमंड नेलर आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात हा प्रश्न पहिल्यांदा ठळकपणे मांडला. त्यांच्याच गटाने 2021 मध्ये घेतलेल्या आढाव्यात फीडवर वाढणाऱ्या माशांसाठी हे गुणोत्तर 0.28 पर्यंत उतरल्याचे दाखवले. मग 2024 मध्ये सायन्स अॅडव्हान्सेसमध्ये दुसऱ्या एका गटाने तोच हिशेब वेगवेगळ्या गृहीतकांनी करून पाहिला. उरलेला माल शून्य धरायचा की नाही, फीडमधले प्रमाण कोणत्या स्रोतातून घ्यायचे, हे बदलले की उत्तर 0.36 पासून 1.15 पर्यंत कुठेही येते. दोन्ही गटांत जाणकार माणसे आहेत. एवढी तफावत पडते, कारण कोणत्या फीडमध्ये कोणता मासा किती जातो हे तुमच्याशिवाय कोणालाच नेमके माहीत नाही, आणि बाहेरच्यांना अंदाज बांधावे लागतात. तुम्ही आकडे खुले केलेत तर हा वाद एका वर्षात मिटेल. कदाचित तुमच्या बाजूने मिटेल. मग ते गुलदस्त्यात का?

दर किलोचे गुणोत्तर आणखी एक गोष्ट झाकते, आणि तिच्याविषयी मला सर्वांत जास्त बोलायचे आहे. एक किलो मासा हा कुठल्याही दुसऱ्या एक किलो माशासारखाच असतो, असे ते मानून चालते.

पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा सार्डिनेला घ्या. सेनेगल, गांबिया, मॉरिटानिया इथे हा मासा गरिबांचे मुख्य अन्न आहे. लांब अरुंद होड्यांतून तो येतो, किनाऱ्यावरच बायका तो विकत घेतात, धुरावतात, वाळवतात, मिठात घालतात आणि आतल्या गावांपर्यंत पाठवतात. शीतगृहाची गरज नाही, भांडवल थोडे, आणि कमाई थेट बाईच्या हातात. गेल्या दीड दशकात त्याच किनाऱ्यावर फिशमीलचे कारखाने उभे राहिले. कारखाना एका वेळी होडीच्या होडी उचलू शकतो, आगाऊ पैसे देऊ शकतो, आणि मासा ताजा आहे की मऊ पडला याची फारशी फिकीर करत नाही. धुरावणाऱ्या बायकांना त्या स्पर्धेत टिकता येत नाही. आणि हा साठा सुस्थितीत असता तरी एक वेळ बोलणे वेगळे होते. पण तिथल्या साठ्यांची पाहणी करणारा एफएओचा कार्यगट गोल सार्डिनेला अतिमासेमारीखाली असल्याचे आणि मासेमारी कमी करण्याची गरज असल्याचे पुन्हा पुन्हा सांगत आला आहे. तो मासा दोनतीन देशांच्या हद्दींतून वर-खाली फिरतो, त्यामुळे एका देशाने हात आखडता घेतला तरी शेजारच्याचा मोकळाच राहतो. या परिस्थितीत तिथून निघालेले पीठ पोत्यात भरले की त्याला पेरूच्या पिठाइतकाच मान मिळतो.

हा मासा खाण्यालायक नसतोच, असे मी तुमच्या लोकांकडून अनेकदा ऐकले आहे. काही मासेमारीपुरते ते खरेही असेल. पण 2017 मध्ये फिश अँड फिशरीज या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने साठ वर्षांच्या नोंदी तपासून असे दाखवले की फिशमीलला जाणारा सुमारे नव्वद टक्के मासा माणसाने खाण्याच्या प्रतीचा असतो. 2024 मध्ये नेचर फूडमध्ये आलेला केंब्रिजच्या संशोधकांचा अभ्यास पुढचे पाऊल टाकतो. सामनला खाऊ घातलेल्या लहान माशांमधली पोषणद्रव्ये शेवटी सामनच्या खाण्याच्या भागात किती उतरतात, हे त्यांनी मोजले. कॅल्शियम, आयोडीन, लोह, बी-12, ए जीवनसत्त्व आणि ओमेगा-3 या सगळ्यांत तो लहान मासाच सरस ठरला. सेलेनियम आणि जस्त तेवढे सामनमध्ये जास्त. कारण उघड आहे. लहान मासा माणूस काट्यासकट खातो, मोठ्याची चकती खातो.

आणि ही पोषणद्रव्ये ज्या मुलांना कमी पडतात ती मुले बहुतेकदा त्याच किनाऱ्यांवर राहतात. 2019 मध्ये क्रिस्टिना हिक्स आणि सहकाऱ्यांनी नेचरमध्ये दाखवले आहे की अनेक देशांत आजच्या पकडीचा अगदी छोटा हिस्सा स्थानिक बाजारात राहिला, तरी किनाऱ्यालगतच्या पाच वर्षांखालील मुलांची गरज भागू शकते. हा अभ्यास वाचल्यापासून फीडच्या लेबलावरचा ‘फिशमील’ हा शब्द मला निर्विकारपणे वाचता येत नाही. कारखान्याने कोणाच्या ताटातला मासा उचलला आणि कोणाच्या ताटात नकोच असलेला उचलला, यात फरक करता आला पाहिजे. गोणीवर जात आणि समुद्र लिहिला तर तो करता येईल.

ट्रॉलच्या मिसळीबद्दल थोडक्यात. आशियात कोळंबीसाठी तळ खरवडणाऱ्या जाळ्यांत जो बारीक माल येतो, त्यात चांगल्या जातींची पिल्ले असतात. फिशमीलने त्या मालाला गिऱ्हाईक मिळवून दिले. पूर्वी तो जाळ्यात येऊ नये असे निदान वाटायचे तरी, आता डिझेलचा खर्च त्यातून निघतो. तुमच्या खरेदीचा हा परिणाम आहे.

फीडमध्ये जाणाऱ्या अंटार्क्टिक क्रिलचे, म्हणजे कोळंबीसारख्या बारीक जीवाचे, हेही असेच. मासेमारीसाठी आखलेल्या तिथल्या 48 व्या क्षेत्रात 6 लाख 20 हजार टनांची मर्यादा आहे. पकड एकाच ठिकाणी एकवटू नये म्हणून ती उपक्षेत्रांत वाटून देणारा नियम 2024 मध्ये मुदत वाढवून न मिळाल्याने संपला, आणि 2025 मध्ये ती मर्यादा पहिल्यांदाच पूर्ण भरून हंगाम वेळेआधी बंद करावा लागला. एकूण टनांचे बंधन पाळले गेले, पण कुठून उचलले हे सुटले. पेंग्विनला एकूण टनांशी काही देणेघेणे नसते, त्याला त्याच्या वसाहतीजवळ क्रिल लागतो.

लहान मासा पाण्यातच ठेवण्याचे मोल किती, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत आणि ते मी लपवणार नाही. 2011 मध्ये सायन्समध्ये समुद्री पक्ष्यांच्या चौदा जातींच्या नोंदींवरून असे दिसले की लहान माशांचा साठा त्याच्या कमाल पातळीच्या एक तृतीयांशाखाली गेला की पक्ष्यांची वीण घसरू लागते. 2012 मध्ये लेनफेस्ट कृतिगट या शास्त्रज्ञांच्या गटाने अशा मासेमारीत पुष्कळ जास्त सावधगिरीची शिफारस केली. 2017 मध्ये रे हिलबर्न आणि सहकाऱ्यांनी त्यावर बोट ठेवले की हे साठे मासेमारीशिवायही आपोआप खूप वर-खाली होतात, आणि शिकारी जीव बहुधा आपण पकडतो त्याहून लहान आकाराचे मासे खातात. माझ्या दृष्टीने यातून निघणारी गोष्ट एकच आहे. जात, जागा आणि आकार यांवाचून हा वाद पुढे सरकू शकत नाही, आणि नेमकी हीच तीन अंगे गोणीपर्यंत पोहोचत नाहीत.

आता पर्यायांबद्दल, कारण संशोधनाच्या बातम्या सगळ्यात जास्त त्यांच्याच येतात. माशाला फिशमील लागत नाही. त्याला अमिनो आम्ले, मेदाम्ले, जीवनसत्त्वे, खनिजे लागतात. फिशमील ही सगळी एकत्र आणते म्हणून सोयीचे. त्यातली प्रथिने बदलणे पुष्कळ अंशी जमले आहे. अडते ते तेलापाशी. ईपीए आणि डीएचए ही लांब साखळीची ओमेगा-3 मेदाम्ले जमिनीवरच्या पिकांत नसतात. मोहरीवर्गातल्या रेपसीडचे तेल घातले की सामन वाढतो, पण त्याच्या मांसातली ही मेदाम्ले घटतात. स्टर्लिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवून दिले की स्कॉटलंडच्या शेतीतल्या सामनमधले ईपीए-डीएचए 2006 ते 2015 या काळात निम्म्यावर आले. ओमेगा-3 साठी म्हणून जो मासा विकला जातो, त्यातच ते निम्मे झाले आणि दुकानातल्या गिऱ्हाइकाला पत्ता नाही. खरेदीदारांनो, हा प्रश्न तुम्हाला आहे. पाकिटावर ‘ओमेगा-3 युक्त’ लिहिता, तर एका वाढणीत किती, हे मोजून का लिहीत नाही?

अँचोवेटा हे तेल स्वतः तयार करत नाही. ते सूक्ष्म शैवाल तयार करते, तिथून अन्नसाखळीने माशात येते. शैवालाच टाक्यांत वाढवून तेल काढण्याचे तंत्र कधीच प्रयोगशाळेबाहेर पडले आहे. अमेरिकेत नेब्रास्कातल्या ब्लेअर इथे 2019 मध्ये त्याचा मोठा कारखाना सुरू झाला. बदललेल्या जनुकांच्या कॅमेलिना आणि कॅनोला या तेलबियांतूनही ही मेदाम्ले निघू लागली आहेत. कीटकांच्या प्रथिनांना युरोपीय संघाने मत्स्यखाद्यात 2017 मध्येच परवानगी दिली. मग गाडी अडली कुठे?

ती तुमच्या खरेदी विभागात अडली, असे माझे मत आहे. 2023 मध्ये पेरूचा हंगाम बुडाला, तेल महागले आणि सगळ्यांना शैवाल आठवले. पुढच्या वर्षी अँचोवेटा परतला, भाव उतरले, आणि ती निकडही ओसरली. टाक्या, यंत्रे, वीज यांत पैसा घालणाऱ्याला दहा वर्षांचा गिऱ्हाईक हवा असतो. तुम्ही त्याला एका हंगामाचा देता. फ्रान्समधल्या एका मोठ्या कीटक-प्रथिन कंपनीला भरघोस गुंतवणूक मिळूनही 2024 मध्ये न्यायालयाचे संरक्षण मागावे लागले. तिच्या अडचणी अनेक होत्या, सगळा दोष खरेदीदारांवर टाकता येणार नाही. तरीही स्वस्त असेल तेव्हाच पर्याय घेऊ, असे म्हणत राहिलात तर पर्याय कधीच स्वस्त होणार नाही. निदान तेलाच्या गरजेचा ठरावीक हिस्सा पाच वर्षांच्या कराराने शैवालाकडून घ्या आणि तो हिस्सा जाहीर करा.

संशोधकांशी थोडे घरचे म्हणून बोलते. ‘फिशमीलऐवजी अमुक पेंड इतक्या टक्क्यांपर्यंत चालते’ अशा धर्तीचे शोधनिबंध आपल्या विषयात ढिगाने आहेत. त्यांतले कितीतरी आठ ते बारा आठवड्यांच्या चाचणीवर उभे आहेत, टाक्यांत, लहान माशांवर. विकायच्या वजनापर्यंत मासा वाढवायला लागणारा काळ त्याहून खूप मोठा. आणि तुलनेसाठी जे फीड घेतात त्याच्या तक्त्यात काय असते? ‘फिशमील, प्रथिने 65 टक्के.’ जात नाही, ताजेपणा नाही, देश नाही. चांगल्या अँचोवेटाच्या पिठाशी तुलना केली तर पर्याय हरेल, शिळ्या मिसळीशी केली तर जिंकेल. अशा निबंधांतून सरासरी काढून काय हाती लागणार? नियतकालिकांच्या संपादकांनी फिशमीलची जात आणि उगम लिहिल्याशिवाय निबंध घेऊ नये, एवढा नियम केला तरी पुढच्या पाच वर्षांत हा विषय बराच स्वच्छ होईल. कंपन्यांच्या फसलेल्या चाचण्या कपाटात पडून राहतात, त्याही बाहेर याव्यात. एकच पेंड दहा प्रयोगशाळांत दहा वेळा फसवून पाहण्यात कोणाचेच भले नाही.

तुमचे आक्षेप काय असतील, ते मला ठाऊक आहेत. पाककृती गुप्त असते, असे तुम्ही म्हणाल. कोणता घटक किती टक्के घालता, हे गोणीवर छापा असे मी म्हणतच नाही, त्यातल्या माशाची माहिती विचारते. युरोपीय संघात ताजा मासा विकताना त्याचे शास्त्रीय नाव, पकडल्याचे क्षेत्र आणि जाळ्याचा प्रकार लिहावा लागतो, 2013 पासूनचा नियम आहे, आणि कोणाचा धंदा त्याने बुडाला नाही. मग माणसाला विकलेल्या माशाला जे लागू, ते माशाला खाऊ घातलेल्या माशाला का नको? एका गोणीत दहा ठिकाणचा माल असतो, असेही म्हणाल. मग दहा नावे लिहा. डायॉक्सिन या विषारी द्रव्याची तक्रार आली की तुम्ही दोन दिवसांत बॅच शोधून काढता, म्हणजे नोंदी आहेतच. प्रमाणपत्रांचे म्हणाल तर फिशमीलसाठी मरीनट्रस्ट आहे, मत्स्यशेतीला प्रमाणपत्र देणाऱ्या एएससी या संस्थेचे 2023 पासून लागू झालेले फीडचे मानक आहे, आणि त्यांनी दिशा बरोबर दाखवली आहे. पण ती ऐच्छिक आहेत. ज्याचा माल चांगला तो प्रमाणपत्र घेतो, बाकीचा माल बिनबोभाट दुसऱ्या गिरणीत जातो. छापील लेबल सगळ्यांना सारखे लागू राहील.

शेतकऱ्यावर खर्च पडेल, हा आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेते. फीड हा त्याचा निम्म्याहून मोठा खर्च असतो आणि त्याच्या हातात वाटाघाटीची ताकद सर्वांत कमी. म्हणून बंदरावरच्या मोजणीचा खर्च गोणीच्या भावात चढवू नका. तो साखळीच्या दुसऱ्या टोकाने, म्हणजे घाऊक खरेदीदारांनी उचलावा. पर्यावरणपूरक माशाच्या जाहिराती तेच करतात, तर मोजपट्टी धरणाऱ्या माणसाचा पगारही त्यांनीच द्यावा.

सगळे एका दिवसात होणार नाही, हे मान्य आहे. तेव्हा टप्पे सुचवते. पहिल्या वर्षी प्रत्येक बॅचच्या कागदावर आणि गोणीवर जात व पकडल्याचे क्षेत्र. दुसऱ्या वर्षी अख्खा मासा आणि उरलेला माल यांची विभागणी. तिसऱ्या वर्षापासून पिल्लांचे प्रमाण, आणि जिथे ते मोजलेच जात नाही तिथे गोणीवर स्पष्ट ‘मोजलेले नाही’ अशी ओळ. ती ओळ छापायला लागली की कोणते बंदर मोजायला लागते आणि कोणते नाही, ते आपोआप दिसेल. तेलापासून सुरुवात केलीत तर आणखी सोपे, कारण त्याची साखळी आखूड आहे आणि खरेदीदार मोजके.

तुमच्यापैकी जी कंपनी हे आधी करायला तयार असेल, तिच्या नोंदींची मांडणी कशी असावी, कोणती जात कोणत्या नावाने लिहावी, लांबी कशी नोंदवावी, हे ठरवायला मी आणि माझे विद्यार्थी मोबदला न घेता बसायला तयार आहोत. तुमच्या उत्तरासोबत तुमच्या सध्याच्या लेबलाची एक प्रत जोडा. कामाला तिथूनच सुरुवात करू.

आपली,
मत्स्यपोषणाची एक अध्यापिका